आंबापोळी आणि मास ट्रान्सफर

मंडळी, केमिकलवाल्यांना विचारा की मास ट्रान्सफरमधला सगळ्यात रटाळ चॅप्टर कोणता. बहुतेक जण ‘ड्राइंग’ असं उत्तर देतील. (फर्स्ट इयरच्या दोस्तांसाठी खुलासा : ड्रॉइंग नव्हे, ड्राइंग. मिनी ड्राफ्टर परत आत ठेवा.) डिस्टिलेशनचा रुबाब वेगळा. उंच टॉवर, त्यात ट्रे, ग्राफ पेपरवर चढत जाणाऱ्या पायऱ्या. ड्राइंगमध्ये काय आहे? ओली वस्तू ठेवा, गरम हवा सोडा आणि वाट बघा. एक कर्व्ह, दोन डेफिनिशन्स, संपला चॅप्टर.

पण हाच चॅप्टर कोकणात मे महिन्यात घरोघरी अंगणात उघडलेला असतो. ताटांमध्ये पिवळाधमक रस पसरलेला, वर पातळ कापड, आणि राखणीला एखादी आजी, हातात काठी. त्याचं नाव आंबापोळी, काही घरांत साठं. उत्तरेत आम पापड, बंगालात आमसत्त्व, आंध्रात मामिडी तांड्रा. इराणमध्ये लवाशक आहे आणि अरब देशांत जर्दाळूची ‘कमर अल-दीन’ आहे. फळ कुठलंही असो, युनिट ऑपरेशन एकच.

या लेखात मी आंबापोळी कशी करायची ते सांगणार आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती बिघडते का आणि बिघडली तर काय करायचं ते. जर्नलची सवय अंगात भिनलेली असल्यामुळे लेखसुद्धा जर्नलसारखाच लिहिते.

उद्देश

आंबापोळी हा गोड खाऊ खरा, पण बागवाल्यांच्या घरात तिचं काम वेगळं असतं. हापूस झाडावरून उतरला की त्याची वर्गवारी होते. मोठा, बिनडागी आंबा पेटीत जातो. लहान किंवा डाग पडलेला कॅनिंगला जातो, तोही किलोच्या भावाने. आणि जो आज पिकून उद्या सडणार तो कुठेच जात नाही. शिवाय रायवळ आंब्याला बाजारात फारसं कोणी विचारत नाही. हा सगळा आंबा घरातच संपवायचा असतो. त्याचा रस आटवा, नाहीतर पोळी घाला. म्हणजे जे फुकट जाणार होतं त्याचे चार पैसे करून देणारी ही प्रोसेस आहे.

माझी मावशी राजापूर तालुक्यात राहते आणि दरवर्षी पोळ्या घालून विकते. तिचं गणित एका गोष्टीवर उभं आहे : आंबा पिकणं आणि पाऊस येणं यांच्यामध्ये जेवढे कोरडे दिवस मिळतील तेवढे. एरवी कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, आणि त्याआधीपासूनच कोकणात अवकाळी सरी सुरू होत्या. म्हणजे पोळीचे ऐन भराचे दिवस पाण्यात गेले. मावशीची ताटं घरात आली ती परत अंगणात गेलीच नाहीत. निम्म्याहून जास्त पोळ्यांवर बुरशी आली आणि त्या गायीपुढेसुद्धा टाकता आल्या नाहीत, खड्ड्यात पुराव्या लागल्या. वर्षाच्या या कमाईवर तिचा जूनमधला शाळेच्या फीचा आणि वह्या-पुस्तकांचा खर्च भागतो. त्यामुळे ‘पोळी का बिघडते’ हा प्रश्न आमच्या घरात मार्कांसाठी विचारला जात नाही.

थिअरी

मावशीचं एक वाक्य आहे. मी ताटावर बोट टेकवलं, बोटाला काही लागलं नाही, म्हणून म्हटलं, झाली पोळी. त्यावर ती म्हणाली, “अगो, वरून सुकली म्हणजे वाळली नव्हे.”

आमच्या टेक्स्टबुकमधली पंधरा पानं या एका वाक्यात आहेत. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे ‘सुकणं’ आणि ‘वाळणं’ माझ्यासाठी एकच होतं. मावशीच्या बोलण्यात मात्र ते दोन वेगळे टप्पे आहेत, आणि पुस्तकातही ते वेगळेच आहेत.

पहिला टप्पा : रस ओला असताना पृष्ठभागावर पाण्याचा थर असतो. तिथून पाणी सरळ हवेत उडतं. या वेळी वाळण्याचा वेग हवेवर अवलंबून असतो. वारा किती, हवा कोरडी किती, ऊन किती. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे रस आजूबाजूच्या हवेइतका तापत नाही. माठातलं पाणी गार राहतं त्याचंच हे भावंड. पुस्तकात याला कॉन्स्टंट रेट पीरियड म्हणतात.

दुसरा टप्पा : वरचं पाणी संपलं. आता आतलं पाणी पोळीच्या पोटातून वर यायला हवं, तरच ते उडणार. हा प्रवास डिफ्यूजनने होतो आणि तो गोगलगायीच्या गतीने होतो. इथे तुम्ही कितीही मोठा पंखा लावा, फारसा फरक पडत नाही, कारण उडायला वर पाणीच नाही. हा फॉलिंग रेट पीरियड. इथे हुकूम चालतो तो जाडीचा.

हे पटायला एक गणित करू. हापूसच्या रसात साधारण १८ टक्के घन पदार्थ धरा, बाकी पाणी. १ किलो रस घेतला, १०० ग्रॅम साखर घातली. घन पदार्थ झाले १८० + १०० = २८० ग्रॅम. तयार पोळीत १६ टक्के पाणी ठेवायचं असेल तर पोळीचं वजन येईल २८० ÷ ०.८४ = ३३३ ग्रॅम. म्हणजे ११०० ग्रॅममधून ७६७ ग्रॅम पाणी काढायचं आहे.

१ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. ७६७ ग्रॅमला झाले १८४० किलोज्यूल, म्हणजे जेमतेम अर्धा युनिट वीज. आता हाच रस ४ मिलिमीटर जाडीने पसरला तर पाव चौरस मीटर जागा लागते. दुपारचं कडक ऊन दर चौरस मीटरला ९०० वॅट धरलं, तर पाव मीटरला मिळाले २२५ वॅट. या हिशोबाने पोळी सव्वादोन तासांत तयार व्हायला हवी! अर्धी उष्णता वाया गेली तरी पाच तासांत. प्रत्यक्षात एवढ्यात ती होत नाही आणि जाड घातली तर दिवसच्या दिवस लागतात. म्हणजे उष्णता कमी पडत नाही. कमी पडते ती आतल्या पाण्याची चाल.

डिफ्यूजनचा फंडा असा : लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. जाडी तिप्पट, वेळ नऊपट. समजा ४ मिलिमीटरच्या थराला एक दिवस लागतो. मग १२ मिलिमीटरचा एकच जाड थर घातला तर नऊ दिवस. पण ४ मिलिमीटरचा थर घालून वाळवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं केलं तर तीनच दिवस. पोळी तेवढीच जाड, वेळ एक तृतीयांश! (आकडे अगदी काटेकोर निघत नाहीत, कारण खालचा थर वरच्या थरातलं थोडं पाणी परत पितो. पण दिशा हीच.)

आता गंमत बघा. गोदावरीकाठी आत्रेयपुरमला मामिडी तांड्रा करताना चटईवर रसाचे थरावर थर देतात. आमची मावशीही थरावर थर देते. यांपैकी कोणीही डिफ्यूजनचं इक्वेशन सोडवलेलं नाही. सडलेल्या पोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं ते शहाणपण आहे, आणि इक्वेशनचं उत्तर तेच येतं.

थिअरीत आणखी एक गोष्ट, मग कृतीकडे वळू. पोळी टिकते ती त्यात पाणी कमी आहे म्हणून, हे अर्धसत्य आहे. जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी कमी असलं पाहिजे. त्याला वॉटर अॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १. बहुतेक बुरशा ०.८ च्या खाली अडखळतात आणि ०.६ च्या खाली कुठलाच जंतू वाढत नाही. साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून साखर घातलेली पोळी किंचित मऊ असूनही टिकते. मात्र पोळी उघडी ठेवली की ती हवेतली वाफ घेते आणि हळूहळू तिची वॉटर अॅक्टिव्हिटी हवेच्या आर्द्रतेला जाऊन मिळते. जुलैमध्ये कोकणातली हवा ८५ टक्के दमट असेल तर उघडी पोळी ०.८५ कडे निघालीच म्हणून समजा. छान वाळवलेली पोळी श्रावणात का बुरसटते, त्याचं उत्तर हे आहे.

साहित्य

पूर्ण पिकलेले आंबे (सडके नकोत, एक सडका सगळ्या रसाला वास लावतो), १ किलो रसाला ७५ ते १०० ग्रॅम साखर, आंबा फार गोड असेल तर एक चमचा लिंबाचा रस, ताटाला लावायला साजूक तूप. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, बारीक चाळण, सपाट बुडाची स्टीलची ताटं, पातळ मलमल आणि वजनकाटा. लोखंडी, पितळी किंवा तांब्याची भांडी नकोत. आंब्यातली आम्लं धातू विरघळवतात, रंग काळवंडतो आणि चवही जाते.

वजनकाटा सोडून बाकी सगळं घरात असतंच. पण त्या काट्याशिवाय काम करू नका. का, ते पुढे येईल.

कृती

१. आंबे धुऊन, पुसून रस काढा आणि चाळणीतून गाळा. रायवळ आंब्यात रेषा फार, त्यामुळे तो दोनदा गाळा. मिक्सर वापरलात तर रस अर्धा तास तसाच ठेवा आणि वर आलेला फेस काढून टाका.

२. रसात साखर घालून मंद आचेवर ८०-८५ अंशांपर्यंत तापवा आणि चार-पाच मिनिटं तिथेच ठेवा. सतत ढवळा. रस ज्वालामुखीसारखा उडतो, तेव्हा लांब दांड्याचा डाव घ्या. खूप घरांत कच्चा रसच पसरतात आणि लखलखीत ऊन असेल तर ते चालतंही. पण तापवल्याने यीस्ट मरतात आणि रंग काळा करणारी एन्झाइम्स निकामी होतात. उन्हाचा भरवसा नसेल तेव्हा ही पायरी गाळू नका.

३. ताटाला तुपाचा हात फिरवा. रस कोमट झाला की ओता. जाडी पट्टीने मोजत बसू नका, मापाने ओता. ३० सेंटीमीटर व्यासाच्या ताटात ४ मिलिमीटर थरासाठी साधारण २८० मिली रस लागतो. ताट हलकेच आपटून रस सारखा करा. कडेला थर किंचित जाड ठेवा, कारण कडा नेहमी आधी वाळतात.

४. सकाळी आठ-नऊला उन्हात ठेवा. वारा लागेल अशी उंच जागा बघा, माच किंवा खाट उत्तम. जमिनीवर धूळ आणि मुंग्या दोन्ही. मलमल ताटाला टेकू देऊ नका.

५. ऊन उतरलं की ताटं घरात. रात्री हवेतली आर्द्रता वाढते आणि दिवसभर काढलेलं पाणी पोळी परत घेते. म्हणजे दिवसा पगार, रात्री उधळपट्टी.

६. पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला, आणि नुसता कडेला नाही तर मध्यभागीसुद्धा, की दुसरा थर. मग तिसरा. तीनपेक्षा जास्त हावरेपणा नको.

७. शेवटचा थर दिल्यावर कडा ताटापासून सुटू लागल्या की पोळी सोडवून उलटी करा. खालची बाजू आतापर्यंत कोंडलेली असते. तिला हवा मिळाली की पाण्याला बाहेर पडायला दोन दारं होतात, आणि वाट निम्मी झाली की वेळ पाव होतो. परत तोच वर्गाचा नियम.

८. झाली की नाही हे बोटाला विचारू नका, काट्याला विचारा. रिकाम्या ताटाचं वजन आधी लिहून ठेवा. साखरेसकट जेवढा रस ओतलात त्याच्या साधारण ३० टक्के वजन उरलं की थांबा (१० टक्के साखर धरून). बिनसाखरेची पोळी असेल तर २१-२२ टक्के. बोट फक्त पृष्ठभाग सांगतं, काटा पोट सांगतो.

ट्रबलशूटिंग

आता मुख्य भाग. खालचे बहुतेक दोष एकाच गोष्टीतून येतात : वरचं पाणी उडण्याचा वेग आणि आतलं पाणी वर येण्याचा वेग यांची फारकत. एखादा दोष दिसला की आधी विचारा, हा पहिल्या टप्प्यातला की दुसऱ्या?

वरून कडक, आतून ओली. दुसऱ्या टप्प्यातला नंबर एकचा शत्रू, केस हार्डनिंग. ओव्हन सुरुवातीलाच ९०-१०० अंशांवर लावला किंवा हेअर ड्रायरने घाई केली की वर कातड्यासारखा थर धरतो. तो थर पाणी सोडत नाही आणि आतला रस कैदेत पडतो. उपाय : उष्णता बंद. पोळी रात्रभर झाकून ठेवा, आतलं पाणी हळूहळू वरच्या कोरड्या थरात येऊन सारखं होतं. सकाळी उलटी करून मंद उष्णतेवर वाळवा. ओव्हन ६० अंशांच्या पुढे नेऊ नका आणि दार बोटभर उघडं ठेवा, नाहीतर वाफ आतच फिरत राहते.

आंबूस, दारूसारखा वास. पहिल्या टप्प्यातला दोष. ढगाळ हवेत रस दिवसभर ओलाच राहिला आणि यीस्टने साखर खायला घेतली. बारीक बुडबुडे दिसतात. ती पोळी टाकून द्या, उकळून ‘वाचवू’ नका. पुढच्या वेळी रस तापवून घ्या, थर पातळ घाला, आणि आकाशात ढग असतील तर पंखा लावा. याच टप्प्यात पंख्याचा खरा उपयोग आहे.

बुरशी. पांढरे, हिरवे ठिपके. बहुतेक वेळा कारण दोन थरांच्या मध्ये असतं : खालचा थर पुरता वाळला नव्हता आणि वर दुसरा ओतला. ठिपका कापून बाकीची पोळी खाऊ नका. दिसतो तो बुरशीचा शेंडा, मुळं आत पसरलेली असतात आणि काही बुरशा विष तयार करतात. पोळी पूर्ण टाकायची. जीव तुटतो, पण विकायच्या मालात तर अजिबात तडजोड नको.

वजन बरोबर, तरी चिकट. इथे पाण्यापेक्षा साखरेचा प्रकार दोषी असतो. आंबट रसात साखर जास्त वेळ उकळली की ती फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं. मध आणि गूळ घातला तरी हेच. म्हणून साखर विरघळल्यावर रस फार वेळ रटरटवू नका. चिकट झालेली पोळी कागदात गुंडाळून लवकर संपवा, आणि हे करायला हॉस्टेलवर माणसांची कमी नसते.

तडे जातात, पापडासारखी मोडते. जास्त वाळली किंवा थर फार पातळ होता. कडेलाच तडे असतील तर रस मध्ये जाड आणि कडेला पातळ पसरला होता. फार वाळलेली पोळी फेकू नका. ओलसर मलमलीत काही तास गुंडाळली की मऊ होते. ती लगेच खायची, साठवायची नाही.

काळी पडते. तीन कारणं. कच्च्या रसातली एन्झाइम्स, यावर उपाय तापवणं आणि लिंबू. फार उष्णता, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांची रिअॅक्शन, यावर उपाय तापमान कमी. आणि धातूचं भांडं. कारखान्यात रंग टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. घरच्या पोळीत मी ते घालणार नाही, कारण दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो. थोडी तपकिरी पोळी चवीला काही कमी नसते. उलट, थेट उन्हाने केशरी रंग उडतो तो वेगळा, ते कॅरोटीन उजेडात नाश पावतं. त्यासाठी मलमल दुहेरी करा.

ताट सोडत नाही. तूप कमी पडलं किंवा तळ अजून ओला आहे. सुरी घालून ओरबाडू नका. पुन्हा तासभर उन्हात ठेवा आणि कोमट असतानाच एका कडेने गुंडाळत या.

खड्डे, फुगे. मिक्सरची हवा. रसाला विश्रांती द्या, फेस काढा. एवढंच.

पावसाळ्यात मऊ पडते. पोळी दोषी नाही, डबा दोषी आहे. मोठ्या डब्यात सगळी पोळी ठेवली की तो रोज उघडतो आणि रोज दमट हवा आत जाते. बटर पेपरमध्ये गुंडाळून छोटी छोटी हवाबंद पाकिटं करा. एक उघडलं तर एकच बिघडेल.

आंब्याऐवजी फणस घेणार असाल तर बरका घ्या, काप्याचा गरा पसरत नाही. मात्र फणसात आंबटपणा कमी असतो, जंतूंना ते सोयीचं. तेव्हा लिंबू आणि तापवणं दोन्ही हवंच.

पाऊस आला तर?

हा प्रश्न मूळ उद्देशाचा. पावसाळी हवेत पोळी का वाळत नाही? ऊन नाही हे झालंच, पण हवा आधीच वाफेने भरलेली असते. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण वाफ सामावून घेण्याची ताकद चौपट होते. आर्द्रता उतरते १६ टक्क्यांवर. म्हणजे कोकणच्या दमट हवेला आपण पेटीपुरतं राजस्थान करू शकतो. सायक्रोमेट्रिक चार्टचा मला पटलेला हा पहिला उपयोग.

म्हणून मी आणि ग्रुपमधल्या तिघांनी मिनी प्रोजेक्टला मावशीसाठी वाळवण-पेटी घेतली आहे. रचना साधी : खाली थर्मोस्टॅट लावलेला हीटर, त्याच्या मागे लहान पंखा, वर जाळीचे खण, माथ्यावर वाफ बाहेर जायला झरोका. झरोका नसेल तर ती वाळवण-पेटी राहत नाही, मोदकपात्र होतं. अंगणात उभी करायची म्हणून अर्थिंग आणि करंट गळतीला ट्रिप होणारा स्विच सक्तीचा. खर्चाचा अंदाज : किलोभर रसाला अर्धा युनिट हे थिअरीतलं. पेटीची कार्यक्षमता तिसरा हिस्साच धरली तर दीड युनिट. मावशी कोरड्या दिवसांत उन्हातच वाळवणार, ऊन फुकट आहे. पेटी लागेल ती अर्ध्यावर पाऊस आला तर ताटं कुठे न्यायची, एवढ्यासाठी. एक घाणा वाचला तरी पुरे.

निष्कर्ष

१. पोळीला दोन वेळा वाळवावं लागतं, आधी वरून, मग आतून. पहिल्या कामाला वारा लागतो, दुसऱ्याला पातळ थर आणि धीर.

२. आच वाढवून वेळ वाचत नाही, जाडी कमी करून वाचतो.

३. बोटापेक्षा काटा खरा.

४. शंका आली तर टाकून द्या.

व्हायव्हाला एक्स्टर्नलने ‘ड्राइंगचे दोन पीरियड सांगा’ असं विचारलं तर डेफिनिशन आठवत बसू नका, मावशीचं वाक्य आठवा आणि तुमच्या इंग्लिशमध्ये सांगा. आणि मे महिन्यात पी.एल. चालू असताना घरी कोणी पोळ्या घालत असेल, तर राखणीला बसा. पुस्तक मांडीवर, काठी हातात. चॅप्टरही होईल आणि कावळेही लांब राहतील.